मागं उभा राहून बोलणारा

राजवीर हे लिहिणारच नव्हता. मोबाईलवर चार ओळी टाईप करायच्या, वाचायच्या, पुसून टाकायच्या, असं बरेच दिवस चाललं. 'मी' लिहिलं की पुढं बोटच सरकायचं नाही. शेवटी त्यानं 'मी' काढून तिथं 'राजवीर' घातलं, तेव्हा कुठं जमलं. लांबून माणूस बरा दिसतो म्हणून नव्हे. लांबून तो नीट दिसतो.

तर राजवीर. कोल्हापुरात, शाहूपुरीत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एका झेरॉक्सवाल्याच्या दारात टाकलेलं टेबल आणि वर एक दिवा. बारावीनंतर कॉलेज सुटलं, पण शिकायचा नाद सुटला नाही. डिस्प्ले बदलायला व्हिडिओ बघून शिकला, इंग्लिश फोनवर शिकला, बुद्धिबळही फोनवरच. आणि जे जे शिकला ते ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही.

कुणी टेम्पो मागं घेत असला की हा रस्त्यात उभा. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... थांबा थांबा!" तोवर मागची लाईट फुटलेली. कॅरम चालला असेल तर खेळणाऱ्याच्या कानापाशी, "पट्टीला घे, पट्टीला." कुठं रश्श्याचं पातेलं चढलं असेल तर चव न घेताच, "मीठ कमी हाय."

"मर्दा, एखादा दिवस तोंडाला सुट्टी दे की," सम्मेद म्हणायचा.

सम्मेद त्याचा जिवाचा मित्र. वडगावजवळच्या एका गावातला, जैन शेतकऱ्याच्या घरातला. गोठ्यात म्हशी. रोज पहाटे मोटरसायकलला दुधाचे कॅन लावून कोल्हापुरात यायचा, राजवीरच्या गल्लीतली गिऱ्हाईकं उरकायची आणि दोघांनी मिळून चहा घ्यायचा. राजवीर बोलायचा, सम्मेद ऐकायचा. अशी वाटणीच झालेली.

सम्मेदला गोठाच वाढवायचा होता. दुसरं काही डोक्यात नव्हतं. त्याच्या वडिलांना, धनपालआण्णांना मात्र खात्री वाटत नव्हती. पोरगं मऊ आहे, गिऱ्हाईक फसवंल, असं त्यांचं मत. इचलकरंजीशेजारी कबनूरला सम्मेदच्या मामांचे यंत्रमाग होते, तिथं कामगारांच्या पाळीवर लक्ष ठेवायला घरचा माणूस हवाच होता. सम्मेदला त्या खटखटाटात अर्धा तास बसवत नव्हतं.

शेवटी आण्णांनी एक गोष्ट ठरवली. "थोरली म्हस इकायची हाय. बाजाराला तू जा. मी येणार न्हाय. हात तुझाच घाल. नीट करून आलास तर गोठा तुझा. न्हाय जमलं तर मामाकडं जायचं. मग कुरकुर करायची न्हाय."

हात घालायचा म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. जनावरांच्या बाजारात अजून जुनी माणसं तोंडानं भाव करत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात. मग आत बोटं बोलतात. इतकी बोटं धरली म्हणजे इतके, असा हिशोब. भोवती पन्नास माणसं असू देत, कुणाला काही कळत नाही. आणि टॉवेल पडला की आजूबाजूच्यानं तोंड मिटायचं. हे कुणी शिकवत नाही. देवळात चपला घालून जाऊ नये हे जसं कुणी शिकवत नाही, तसं.

आण्णांनी सम्मेदला बोटं शिकवली. सम्मेदनं सरावासाठी राजवीरला धरलं. चहाच्या गाड्यामागं दोघं टॉवेल टाकून उभे राहायचे. येणारी-जाणारी हसायची. "लग्न ठरलं काय रं दोघांचं?"

राजवीर आठवड्यात सम्मेदच्या पुढं गेला. त्याला तर टॉवेलाखाली हात घालायचीसुद्धा गरज उरली नाही. मनगटाच्या वरची शीर कशी हलते, कोपर किती वळतं, एवढ्यावरून तो आकडा सांगायचा. दहातल्या आठ वेळा बरोबर.

"ह्याचा उपयोग काय?" सम्मेदनं विचारलं होतं.

"कळतंय की आपल्याला!"

बाजाराच्या दिवशी राजवीर दुकान बंद ठेवून गेला. न बोलावता. मित्राला आधार म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

म्हैस देखणी होती. शिंगांना तेल, अंगावर पाणी मारलेलं. बाळासो म्हणून ओळखीचे दलाल होते, त्यांनी गिऱ्हाईक आणलं. पन्हाळ्याच्या बाजूचे केरबा. म्हातारा माणूस, स्वच्छ धोतर, बोलणं कमी. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला, कासेला हात लावला, दात बघितले आणि विचारलं, "स्वभाव?"

"लहान पोरगंबी धार काढंल," सम्मेद म्हणाला.

"मग घरीच ऱ्हाईल ती. आमच्याकडं जनावर मरस्तवर असतंय."

सम्मेदच्या चेहऱ्यावर राजवीरनं ते बघितलं. हेच घर. आण्णांना असंच घर पाहिजे होतं.

टॉवेल पडला. बाळासो दोन पावलं मागं सरले. राजवीर मात्र सम्मेदच्या खांद्यामागं तसाच उभा राहिला.

बोटं सुरू झाली. केरबांच्या मनगटाकडं बघत राजवीर मनात आकडे लावत होता. वर चालले होते. अजून वर. मग केरबांनी अजून एक बोट धरलं आणि सम्मेद थांबला. हलेचना. राजवीरला वाटलं, गोंधळला. धरलेलं बोट कळलंच नाही ह्याला. आता हात सोडंल म्हातारा. आता जाईल सगळं.

आणि तो बोलला. मोठ्यांदा. आकडा बोलला, आणि वर सम्मेदला म्हणाला, "घे की भावा, लई झालं!"

शेजारचा माणूस तंबाखू मळत होता, त्याचा हात थांबला.

केरबांनी हात काढून घेतला. सावकाश, रागावल्यासारखं नव्हे. टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. "पावणं," ते म्हणाले, "हातातलं तोंडावर आलं. आता न्हाय जमायचं." आणि गेले.

"कोन रं ह्यो?" बाळासोंनी राजवीरकडं बघून विचारलं. "कुनाचा?"

"माझा मित्र हाय," सम्मेद म्हणाला.

त्यानंतर दुपारपर्यंत कुणी आलं नाही असं नाही. आले. पण सगळ्यांना आकडा कळलेला, आणि तो 'लई झाला' हेही कळलेलं. त्याच्या वर कोण कशाला जाईल? एकदोघांनी तर हात न घालताच, हसत, तोंडानं कमी सांगून बघितलं. आणि ज्यांनी मागितली ती माणसं सम्मेदला पटली नाहीत. म्हैस परत टेम्पोत चढवली.

वाटेत राजवीरनं काय केलं असेल? माफी मागितली असेल? नाही. त्यानं विचारलं, "पन आकडा बरोबर हुता का?"

हे लिहिताना त्याला सगळ्यात जास्त लाज ह्या वाक्याची वाटते. बाजारातल्या बोलण्याची नाही. ते एकदम निघालं होतं. हे विचार करून निघालं होतं.

सम्मेद बाहेर बघत होता. "व्हय," तो म्हणाला. "बरोबर हुता. मी थांबलो हुतो. आण्णांनी सांगितलंय, बोट धरलं तरी लगेच व्हय म्हणायचं न्हाय, थांबायचं. म्हातारा अजून एक चढत हुता."

घरी आण्णा दारातच होते. म्हैस टेम्पोतून उतरताना त्यांनी बघितली. दोघांना आत बसवलं. राजवीरच्या हातात ताकाचा तांब्या दिला.

"का परत?"

"माझंच चुकलं, आण्णा," सम्मेद म्हणाला. "आकडा तोंडातनं गेला माझ्या."

राजवीर ताक पीत होता. हा घोट झाला की सांगतो, असं त्यानं ठरवलं. घोट झाला. पुढचा झाला की सांगतो. तांब्या रिकामा झाला. आण्णा उठून वैरण टाकायला गेले.

ज्या माणसाला आयुष्यात कुणाच्या मागं उभं राहून गप्प बसता आलं नाही, तो त्या दिवशी समोर बसून गप्प बसला.

मग सम्मेद दूध घालायला यायचा, पण चहाला थांबायचा नाही. "घाई हाय." एकदा गाडी चालूच ठेवून म्हणाला, "कबनूरला चाललोय. मामाकडं. आण्णांनी फोन करून टाकला."

"कधीपासनं?"

"एक तारखेपासनं." आणि गेला. राजवीरला त्या वेळी गल्लीत वळणाऱ्या गाडीला 'डावीकडं घे' म्हणावंसं वाटलं नाही. पहिल्यांदाच.

त्याच दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. राजवीर फोनवर दुसऱ्या दोघांचा बुद्धिबळाचा डाव बघत बसला होता. एकाची चाल चुकली तशी त्यानं खाली लिहिलं, घोडा हलव. अजून एक चाल, अजून एक सल्ला. डाव खेळणाऱ्यातला एकजण कुठला परदेशातला होता. त्यानं इंग्लिशमधे लिहिलं, 'नो किबिट्झिंग, प्लीज.'

किबिट्झिंग? हा शब्द राजवीरला माहीत नव्हता. माहीत नसलेला शब्द त्याला खिशात खडा गेल्यासारखा टोचतो. शोधायला बसला. एका पानावरून दुसऱ्या पानावर, डिक्शनरीतून डिक्शनरीत, दुकान बंद करायची वेळ झाली तरी. आणि जसजसं वाचत गेला तसतसं त्याचं तोंड उतरत गेलं, कारण तो शब्द जगाच्या त्या टोकावरून येऊन नेमका त्याच्याच टेबलासमोर उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी तो सम्मेदच्या गावाला गेला. माफी मागायला गेला का? त्याला तसं वाटत होतं. पण शेताच्या बांधावर सम्मेद भेटला आणि ह्याच्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं, "भावा, एक शब्द घावलाय. ऐक तर."

सम्मेद गवत कापत होता. "सांग."

"किबिट्झ. इंग्लिशमधे वापरत्यात, पन इंग्लिश न्हाय. यिडिश हाय. युरोपातली ज्यू लोकं घरात बोलायची ती भाषा. ऐकायला जर्मनसारखी, लिहायची हिब्रू अक्षरात. तिथनं ही लोकं अमेरिकेला गेली, न्यूयॉर्कला, आनि भाषा संगट नेली. तिथं पत्त्याचं, बुद्धिबळाचं डाव बसायचं, आनि खेळणाऱ्याच्या मागं उभा ऱ्हाऊन 'हे टाक, ते टाक' करनारा एकजन असायचाच. त्याला म्हनायचे किबिट्झर."

"मग हाय की आपल्याकडं एकजन," सम्मेद म्हणाला. हसला नाही.

राजवीर थांबला नाही. "ऐक की. त्यांनी ह्यो शब्द जर्मनमधनं घेतला. आनि जर्मनमधे कीबिट्झ म्हंजे म्हाईत हाय काय? टिटवी! आपली टिटवी 'टिटीव टिटीव' करत्या, तिकडची 'कीविट कीविट' करत्या, म्हनून कीबिट्झ. सारखी वरडत्या, सगळ्याच्या मधे मधे करत्या, म्हनून मागं उभा ऱ्हाऊन बोलनाऱ्याला तेच नाव. आता काही जन म्हनत्यात, टिटवीचा संबंध मागनं जोडला. मूळ शब्द चोरांच्या भाषेतला, कुनाला तपासायचं, चाचपायचं, असा. जनावरं इकनाऱ्या हेड्यांची कशी आपली येगळी बोली असत्या, तशी चोरांची. पक्कं कुनालाच म्हाईत न्हाय."

सम्मेद विळा हातात घेऊन बसला होता.

"आनि आता तर अमेरिकेत," राजवीर घाईनं म्हणाला, "नुसत्या गप्पा मारल्या, थट्टामस्करी केली, तरी किबिट्झच म्हनत्यात. म्हंजे तसा लई वाईट शब्द न्हाय."

चार अर्थांतला सगळ्यात सोपा अर्थ त्यानं शेवटी काढून ठेवला होता. मोबाईल विकताना चांगला पीस शेवटी दाखवतात, तसा.

सम्मेदनं पलीकडच्या पडीक तुकड्याकडं हात केला. "तिथं टिटवीची अंडी हायत. उघड्यावर. आडोसा न्हाय, काय न्हाय. मी गवताला गेलो की ती अंगावर येत्या, आनि गाव जागं हुईल एवढं वरडत्या. तिला सगळी शिव्या देत्यात, अपशकुनी म्हनत्यात. पन तिची अंडी हायत तिथं. तिचं कायतरी जातंय म्हनून ती वरडत्या." विळा परत गवतात घातला. "तुझं काय जात हुतं रं?"

 बाजारात राजवीरचं काहीच जात नव्हतं. म्हैस त्याची नव्हती, गोठा त्याचा नव्हता, कबनूरला जायचं होतं ते त्याला नव्हतं. त्याला फक्त आकडा कळला होता आणि तो कळलाय हे कुणालातरी कळायला पाहिजे होतं.

आणि आण्णांसमोर, जिथं त्याचं खरंच काही जाणार होतं, तिथं तो ताक पीत बसला होता.

"आण्णा कुठं हायत?" त्यानं विचारलं.

"गोठ्यात. कशाला?"

तो गोठ्याकडं चालायला लागला.

आण्णा धार काढत होते. त्या थोरल्या म्हशीचीच. राजवीर ह्या वेळी समोर जाऊन उभा राहिला. "आण्णा, बाजारात सम्मेद बोलला न्हाय. मी बोललो. आकडा माझ्या तोंडातनं गेला. त्यो माझं झाकायलाय."

आण्णांचे हात थांबले नाहीत. दुधाची धार बादलीत वाजत राहिली.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुमी घरात यायच्या आधी बाळासोचा फोन आलता."

राजवीरला काही कळेना. "मग... मग त्याला कबनूरला का पाठवायलाय? त्याची काय चूक?"

आता आण्णांनी वर बघितलं. "सौदा मोडला म्हनून पाठवतोय असं वाटतंय व्हय तुला? सौदं मोडत्यात. म्हस परत बाजाराला नेता येत्या. माझ्या तोंडावर खोटं बोलला त्यो. मित्राचं झाकायला बापाला फसवलं. आज मित्राचं झाकलं, उद्या दुधातलं पानी झाकंल. अशाच्या हातात गोठा कसा देऊ?"

"मी गप्प बसलो म्हनून त्याला बोलायला लागलं."

"व्हय."

एवढंच. राजवीरला वाटलं होतं, आण्णा म्हणतील, जाऊ दे पोरा. त्यांनी म्हटलं नाही. बादली उचलून बाजूला ठेवली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"वाट बघायलतो. दोघातला कोन येतोय बघत हुतो. यायला लई दिवस लावलास."

"मग आता न्हाय ना जायचं त्यानं?"

"जायचं. मेव्हन्याला शब्द दिलाय, दिवाळीपतोर जाईलच त्यो. दिवाळीनंतर बघू गोठ्याचं." आण्णांनी टॉवेलानं हात पुसले. "तवर कोल्हापूरला दूध कोन घालनार? मला गाडी चालवत न्हाय आता. गिऱ्हाईकं तुटली तर त्यो परत येऊन करनार काय? पाटंचं ये. कॅन भरून ठेवतो."

त्यांनी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं. राजवीरला त्यातून जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं ह्याचीही लाज वाटली. कारण दिवाळीपर्यंतचा खटखटाट सम्मेदच्या कानात जाणार होता, त्याच्या नाही.

बाहेर सम्मेद गवताचा भारा टाकून उभा होता. सगळं ऐकलं असावं त्यानं. गोठ्याची भिंत काही फार जाड नाही.

"चुकलं माझं," राजवीर म्हणाला. तीन शब्द. त्याच्या आगेमागे काही माहिती नव्हती, कुठल्या भाषेतून आले ते नव्हतं.

सम्मेदनं मान हलवली. माफ केलं अशी नव्हे, ऐकलं अशी. मग पायानं गवत सारखं केलं.

"गल्लीतल्या त्या कोपऱ्यावरच्या मावशी हायत न्हवं," तो म्हणाला, "त्या रोज म्हनत्यात दूध पातळ हाय. रोज. त्यांना काय समजावून सांगायचं न्हाय. व्हय म्हनायचं आनि निघायचं."

"व्हय."

"आत्ता म्हनतोयस."

"न्हाय भावा, खरंच."

"आनि ही." सम्मेदनं म्हशीकडं बघितलं. "हिचा सौदा मी अर्धा टाकून आलोय. केरबांच्याच घरला घालवायची मला. आलो की पन्हाळ्याला जानार, त्यांच्या दारात, आनि परत हात घालनार. पन आण्णांचं काय सांगता येत न्हाय. वैरन कमी पडली की एखाद्या दिवशी उठून बाजाराला न्हेतील हिला. तवा मी नसनार इथं."

"मग मी काय करू?"

"तवा बोल."

राजवीरनं त्याच्याकडं नीट बघितलं. थट्टा नव्हती.

"बोलतो," तो म्हणाला. "दारात आडवा उभा ऱ्हाऊन बोलतो, आण्णांच्या तोंडावर. शिव्या घातल्या तरी हलत न्हाय. तू येईपतोर ही म्हस ह्या दावणीला असंल, सम्मेद. शब्द हाय माझा."